जनाकाकीच्या बोडक्या कोंबड्या

जनाकाकीशी माझं कधी पटलं नाही. ती गेली म्हणून आता तिच्याबद्दल गोड बोलावं, असंही मला वाटत नाही. लग्न होऊन पोशीरला आले, त्या पहिल्याच सकाळी तिनं कुंपणावरून विचारलं होतं, "झाडू धरता येतो का गं, का नुसतीच नटून आलीस?" विधवा, एकटी आणि जिभेला हाड नाही. आमच्या दोघींच्या परसांमध्ये निवडुंगाचं कुंपण होतं, तेही मला कमीच वाटायचं.

नेरळच्या रस्त्याला तेव्हा नवी पोल्ट्री झाली होती. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी आटली की त्या टेंपोत भरून खाटकाकडे जात. त्यातल्या दोन-तीन काकीनं पाटीत घालून घरी आणल्या. पिसं झडलेल्या, चोची कापलेल्या. पाटी उपडी केली तर पडल्या तिथंच बसून राहिल्या. चालायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. काकीच्या गावठी कोंबड्यांनी त्यांना टोचून रक्तबंबाळ केलं. मग ही बया दिवसभर काठी घेऊन मध्ये बसायची आणि शिव्या मात्र आम्हाला. "हसता काय गं? तुमाला कोंडून घालाया पायजे, म्हंजे कळंल!"

त्याच सुमारास गावदेवीची राखण आली. घरटी एक कोंबडं देवीला बळी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. काकीचा दीर धोंडू ते गोळा करत आला.

"वैनी, त्यातली एक बोडकी दे. नायतरी मरायचीच हाय."

"चोच कापलेली देवीला चालती काय रं? खोट असलेलं जनावर कवा कोन देतं?"

मला राहवलं नाही. कुंपणावरून म्हटलं, "देऊन टाका की काकी. देवी काय चोच बघायला येतेय?"

"तू गप गं. तुला कोनी इचारलं?"

रीत काकीच्या बाजूची होती. पण धोंडू खुनशी माणूस. "गावठ्या अंड्यावर हायत, त्या देत नायत. मंग तांबडा काढ," तो म्हणाला.

तांबडा म्हणजे तिचा कोंबडा. त्याची आई रानमांजरानं नेली तेव्हा काकीनं ते पिल्लू पदराच्या उबेत वाढवलं होतं. तो तिच्या ताटात जेवायचा. आता हिचा तोरा उतरेल, म्हणून मी मजेत बघत उभी राहिले.

काकीनं तांबड्याला धरलं आणि धोंडूच्या हातात कोंबलं. "घे. ह्यानं जलमभर उनात लोळून घेतलंय. त्या बोडक्यांनी अजून एकदा पन नाय."

दुपारी प्रसादाचा वाटा घेऊन मी तिच्याकडे गेले, तर तिनं पातेलं माझ्याच अंगावर लोटलं. लुगडंभर रस्सा! मीही तोंडाला येईल ते बोलले. तिचं लक्षच नव्हतं. परसातल्या मातीत एक बोडकी पंख पसरून, डोळे मिटून लोळत होती. काकी तिच्यासमोर उकिडवी बसली. पदरानं डोळे पुसत पुसत तिलाच शिव्या देत होती.

"लोळ रांडं, लोळ. माझा तांबडा खाल्लास तू."