बैलाचा मागचा पाय

पेन्सिल तासल्याचा वास आला की मला अहेरीचा गुरांचा बाजार आठवतो आणि डोकं तापतं. माझ्या बैलाचा मागचा पाय अधू होता. तो टेकलेला दिसावा म्हणून मी त्या खुराखाली मातीचा उंचवटा येईल अशी जागा शोधून बैल उभा केला होता. गिऱ्हाईक चांगलं होतं. दुपट्ट्याखाली आमची बोटं एकमेकांत होती, बोटांच्या खुणांनी भाव जवळजवळ जुळला होता. शेजारी एक चित्रकार पेन्सिल तासून तासून भराभर रेघा ओढत होता. झोपलेलं कुत्रं, मोहफुलं निवडणारी बाई, मग माझा बैल. लोक वाकून बघू लागले, तसं गिऱ्हाईकही वाकलं आणि चित्रात उंचवट्याला जेमतेम लागलेला खूर बघून म्हणालं, "काऊन भाऊ, हा पाय टेकवून नाई राह्यला? जरा चालवून दाखवा." बैल चार पावलं लंगडला आणि दुपट्ट्याखालचा हात निघून गेला. मी चित्रकारावर धावलो, "तुले कोनं सांगतलं माह्या बैलाचा पाय काढाले?" तो शांतपणे म्हणाला, "मले दिसला तसा काढला, भाऊ." लबाडी माझी होती, हे आता मान्य करतो. पण बैलाची दुसरी बाजू अगदी धडधाकट होती. तिकडे बसायला त्या चित्रकाराला काय झालं होतं?