वाढणारे केस

कॅन्सरच्या रुग्णांच्या विगसाठी मी माझी वेणी दिली, त्या दिवशी तंजावूरच्या पार्लरात बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, डोक्यावर जेमतेम बोटभर केस. मागे टेकताना तिचा हात आपसूक पाठीकडे जायचा, नसलेली वेणी पुढे ओढून घ्यायला.

केस दिले की फोटो काढायचं एक खूळ आहे. पार्लरवाली त्यासाठी मोबाइल शोधत होती, तेवढ्यात बाईनं माझी कापलेली वेणी न विचारताच उचलली आणि तळहातावर तोलली.

"माझी याहून जाड होती," ती तमिळमध्ये म्हणाली. "मुलीला कॅन्सर झाला, तेव्हा ती बरी व्हावी म्हणून मी केसांचा नवस बोलले. पुढे औषधांनी तिचेच केस गेले. म्हणाली, अम्मा, तुझ्या वेणीचा विग करून दे ना. मी म्हटलं, ते देवाचं आहे, तुला कसं देऊ? नवस ती बरी झाल्यावर फेडायचा होता. मीच घाई केली, आधीच देवळात जाऊन मुंडण करून आले."

"मग?" मी विचारून बसले.

"डोक्याला माझी जुनी ओढणी गुंडाळून गेली ती."

पार्लरवाली हळूच मला म्हणाली, "दर आठवड्याला येतात, आपले केस चालतील का विचारायला." मग तिच्याकडे वळून, "वाढतील, अम्मा. थोडं थांबा."

बाईनं वेणी जपून टेबलावर ठेवली.

"वाढतात ना," ती म्हणाली. "तेच तर सहन होत नाही."