मी पुसलेले ठिपके

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी लिहितोय, कारण ‘तुझ्या प्रोग्रॅममध्ये बग असेल’ हे ऐकून ऐकून आता डोकं फिरतं...

मी रत्नागिरीत एका कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवतो. माझ्या चुलतभावाची, बाळादादाची, पावसच्या वाटेवर हापूसची कलमं आहेत. आंब्याच्या रंगीत फोटोवरून डाग शोधणारा प्रोग्रॅम मी त्याच्यासाठी लिहिला. फझी लॉजिक, म्हणजे ‘डाग आहे की नाही’ असं न ठरवता ‘कितपत डाग आहे’ हे मोजायचं. मग मॉर्फॉलॉजी — सुटे बारीक ठिपके गाळायचे, लगतचे जोडायचे.

गेल्या हंगामात काही फळांच्या फोटोंवर प्रोग्रॅम धूसर ठिपके दाखवू लागला. फळं हातात घेऊन पाहिली, साल स्वच्छ. कॅमेऱ्याचा दोष समजून मी गाळणी वाढवली. ठिपके गेले. फळांना नंबरचे स्टिकर लावून, ‘तपासलेला आंबा’ म्हणून पेट्या पुण्याला गेल्या.

गिऱ्हाइकाने कापलेल्या फळांचे फोटो पाठवले. आत साका — पांढरट, आंबट गर. तो आपल्याच कलमाच्या फळातही होतो आणि बाहेरून कुणालाच दिसत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण प्रोग्रॅमची लाज राखायला मी घरापुढच्या खळ्यात, सगळ्या गड्यांसमोर, दादाला विचारलं, “बाहेरचा आंबा मिसळलास ना?”

इथल्या बागायतदाराला याहून मोठी शिवी नाही. दादा पाठ फिरवून पेट्या रचू लागला. वहिनी मात्र म्हणाली, “फवारणीला कधी फिरकला नाहीत भावोजी, चोर धरायला बरे आलात.”

स्वतःला खरं ठरवायलाच मी घरी येऊन गाळण्याआधीच्या प्रतिमा उघडल्या. नंबर जुळवले. ज्या फळांत साका, त्यांवरच ठिपके. ज्या बाजूला साका, त्याच बाजूला...

साध्या फोटोला सालीच्या आतलं दिसत नाही. तोच कॅमेरा, तोच प्रोग्रॅम मी नंतर, पुढे कापल्यावर साका निघालेल्या कितीतरी फळांवर चालवला — एक ठिपका उमटला नाही. कॉलेजातले म्हणतात, योगायोग. कसला योगायोग? बग इतका नेमका असतो का? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना. मी म्हणतोच आहे.

नंबर जुळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खळ्यात गेलो होतो. तेच गडी होते. दादा पेटीत गवत अंथरत होता, त्याने वर पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, “दादा, आंबा तुझाच होता. मला आधी दिसलं होतं, मीच पुसलं, आणि आळ तुझ्यावर घातला. मला माफ कर.”