पान एकवीस, उजवीकडून

परदेशात एमएस्सी करायला सरकारी शिष्यवृत्ती मिळते, हे खरं. पण त्यासाठी आधी माझे आजोबा कोण होते हे सरकारला पटवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं होतं, बाकीचे कागद जमले होते. अडलं होतं जात पडताळणीवर. आजोबांची जुनी शाळेतली नोंद आणा, म्हणाले. सुनावणी चार दिवसांवर. नोंद नाय तर शिष्यवृत्ती नाय, आणि मग माझं परदेश उस्मानपुऱ्यातल्या घरातच.

पप्पा आणि मी सिल्लोडजवळच्या आमच्या गावच्या शाळेत गेलो. रजिस्टर निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूत. शाळेतल्या एका मराठी यादीत आजोबांच्या नावापुढं 'पान एकवीस' एवढंच लिहिलेलं. पानांवरचे नंबर वाळवीनं खाल्लेले, म्हणून क्लार्कनं रजिस्टर उघडून एकवीस पानं मोजली. मीपण मोजली, पप्पांनीपण मोजली. नक्कल घेतली, शिक्का मारून घेतला, वर तिघांनी चहा घेतला. लई हुशार आम्ही!

दुसऱ्या दिवशी ती वाचून घ्यायला शहरातल्या शहागंजात एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेलो. ऐंशीच्या पुढचे असतील. चष्मा पुसून त्यांनी कागद पाहिला.

"बेटा, ये तो बहुत बाद के बरसों का है. रजिस्टर किधर से खोले?"

मी हातानं डावी बाजू दाखवली. ते पोट धरून हसले. "उर्दू उधर से चलती है, बेटी!"

अरे देवा! निघाले एमएस्सीला, आणि वही कोणत्या बाजूनं उघडायची ते कळेना. घरी येईपर्यंत मी पप्पांवर उखडले. "तुमच्या वडलांची नोंद, तुम्हाला एवढंबी ठाऊक नाय?"

"माझा बाप शाळेत गेला होता हेच मला परवा कळलं, पोरी," ते म्हणाले. "आम्ही तर त्याला अंगठा उठवतानाच पाहिलं."



तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शाळा, पुन्हा क्लार्क, या वेळी उजवीकडून एकवीस. दुपारी पुन्हा शहागंज. मास्तरांचं बोट एकेका ओळीवरून खाली उतरत होतं. "ये नहीं... ये भी नहीं..." शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, जात, गाव, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

सुटले एकदाची! त्या एका ओळीवर पडताळणी झाली आणि पुढं शिष्यवृत्तीही लागली. पण तेव्हा मी उड्या मारायच्या आत पप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले. हात जोडलेले, डोळे भरलेले.

"हजर, सर," म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. मास्तर मात्र हसले नाहीत.

"बैठो बेटा," ते म्हणाले.

पप्पांचं वय अठ्ठावन्न. ते मुकाट्यानं बसले.