वायर ढिली नव्हती

कॉम्प्युटर सुरू केला की कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटतं आणि नाहीसं होतं. त्या एवढ्याशा वेळात एक बटण दाबायचं असतं. कुठल्या मशीनला एफ ट्वेल्व्ह, कुठल्याला एफ नाईन, कुठल्याला एस्केप. वेळेवर दाबलं तर बूट मेन्यू उघडतो, म्हणजे मशीन विचारतं की बाबा रे, आज कशावरून सुरू होऊ, आतल्या डिस्कवरून की तू लावलेल्या पेन ड्राइव्हवरून. उशीर झाला तर ते काही विचारत नाही, आपल्या वाटेने निघून जातं. मग बंद करा, पुन्हा सुरू करा, पुन्हा बोट तयार ठेवा.

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवायचो आणि नोकरीभर मुलांना हेच सांगत आलो. बटण एकदा दाबून वाट बघत बसायचं नाही, टकटकटक मारत राहायचं. आणि बोट दाबून धरायचं नाही. बोट बटणावर तसंच राहिलं की जुनी मशीन पीं करून ओरडतात आणि कीबोर्डमध्ये बिघाड आहे असं पडद्यावर लिहून मोकळी होतात. बिघाड कसला, पोराचं बोट सुस्तावलेलं असतं. असं झालं की मी मागून म्हणायचो, "झोप झाली असेल तर बोट उचलता का?" सगळी लॅब हसायची. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसायचा, कारण हसला नाही तर पुढच्या तासाला तो पुन्हा माझ्या तावडीत सापडणार हे त्याला माहीत असायचं. माझ्या तिरकस बोलण्याची कॉलेजात ख्याती होती आणि मला ती आवडायची.

निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग सगळा पंजा. सकाळी पेपर वाचताना पान फडफडायचं तेव्हा मी पंख्याकडे बघायचो. पंखा बंद असायचा. थरथर एक वेळ परवडली, पण बोटं जड झाली. उचल म्हटलं की उचलायची नाहीत, थोडा विचार करून उचलायची. शर्टाची बटणं मी बाथरूममध्ये जाऊन लावायला लागलो. चारचौघांत उजवा हात खिशात, नाहीतर डाव्या हाताखाली.

कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती आणि म्हणूनच तिला सांगायचं नव्हतं. तिच्या कानावर गेलं की मी पेशंट झालो. ती पेशंटशी बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो, मऊ होतो, लहान मुलाशी बोलल्यासारखा. तो आवाज मी दवाखान्यात तिचा डबा पोचवताना कितीदा ऐकलाय. घरी ती माझ्याशी जशी बोलते, म्हणजे एकाला दोन, तसंच तिने बोलत राहावं असं मला वाटत होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एकही टोमणा तिने बिनउत्तराचा सोडलेला नाही.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलंमुली तिथे दिवसभर बसलेली असतात, बरीचशी विदर्भातून आलेली. हिंजवडीच्या एका कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर या अभ्यासिकेला दिले, डिस्क पुसून कोऱ्या करून. विहार समितीच्या अध्यक्ष आमच्या घरी आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ताई म्हणाल्या, "सर, हे तुमच्याशिवाय कोण करणार? मशीन सुरू करून द्या आणि रविवारी मुलांचा वर्गही घ्या." पहिलं वाक्य ऐकायला मी निवृत्तीपासून आसुसलो होतो. चहा संपायच्या आत हो म्हणून बसलो.

बायको म्हणाली, "मीपण येते." मी नको म्हणालो. तिने अर्थातच ऐकलं नाही. दुपारी आम्ही दोघं विहारात जायचो. ती जुना टूथब्रश घेऊन कीबोर्डच्या फटीतला मळ काढायची, पडदे पुसायची, वायरी जोडून द्यायची. माझं काम म्हणजे प्रत्येक मशीनला पेन ड्राइव्ह लावायचा, सुरू होताना एफ ट्वेल्व्ह मारून बूट मेन्यूत जायचं आणि कोऱ्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकायची. लॅबमध्ये हे मी बोलता बोलता करायचो. आता बोट शेजारच्या बटणावर पडायचं, कधी दोन्हींच्या मध्ये, कधी चिन्ह निघून गेल्यावर. म्हणून बटण दाबायची वेळ आली की मी बायकोला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचो. खाली जाऊन पाणी आण. ताई आल्यात का बघ. ती निमूट जायची. तिच्या निमूट जाण्याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला फक्त सुटल्यासारखं वाटायचं, आणि पुन्हा पुन्हा मशीन बंद-चालू करत मी एकदाचा मेन्यू गाठायचो.

एक मशीन सोडून सगळी झाली तेव्हा ताईंनी सांगितलं, "रिबन काय, कुणीही कापतं. शेवटचं मशीन सर्वांसमोर तुमच्या हस्ते सुरू करू." मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला. पत्रिका ग्रुपवर गेलेली होती, 'यांच्या शुभहस्ते' आणि वर माझं नाव. तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं. सर्दी आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पत्रिकेवरचं नाव मी पुन्हा एकदा वाचलं आणि बरं म्हणालो. मग घरी बायको भाजीला गेली की लॅपटॉपवर एफ ट्वेल्व्ह मारायचा सराव सुरू केला. निवृत्त माणसाने एका बटणाचा सराव करायचा, तोही दार लावून. मला माझीच लाज वाटायची, पण सराव थांबवायचं धाडस नव्हतं.

रविवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, ताईंचं भाषण झालं. मी मशीनसमोर बसलो. बायको शेजारी उभी होती, कारण वायरी तिने जोडल्या होत्या. ताईंनी पॉवरचं बटण दाबलं. चिन्ह उमटलं, मी बोट उचललं आणि ते बाजूच्या बटणावर पडलं. चिन्ह गेलं. डिस्क सापडत नाही अशी ओळ आली.

"होतं असं," मी म्हणालो. मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी बोट बरोबर बटणावर पडलं आणि तिथेच राहिलं. मी उचलत होतो, ते उचललं जात नव्हतं. पीं असा लांबलचक आवाज झाला आणि पडद्यावर कीबोर्डच्या बिघाडाची ओळ आली.

मागून एका मुलीने विचारलं, "कीबोर्ड खराब हाये का, सर?" तिने साध्या मनाने विचारलं होतं. मला मात्र बुडताना फळी मिळाली. मी बायकोकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मॅडमनी जन्मभर सलाईन लावली. वायरही तशीच लावलेली दिसते, करंट थेंब थेंब येतोय."

खोली हसली. ताईही हसल्या. मी बायकोच्या उत्तराची वाट बघत होतो. उत्तर येणार, तेही माझ्यापेक्षा वरचढ, पुन्हा हशा होणार आणि त्या हशात मी पुन्हा एकदा बटण मारून बघणार, असा माझा हिशोब होता.

ती म्हणाली, "हो, माझंच चुकलं. ढिली राहिली वाटतं."

एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, डोळ्यांत नेहमीची चमक नाही. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं की तिला माहीत आहे. आज नाही, कधीपासूनच. गेले कित्येक महिने माझा चहा अर्धा कप येत होता आणि मी पाहुण्यांसमोर तिला कंजूष म्हणत होतो. भरलेला कप माझ्या हातून सांडतो, हे तिने माझ्याआधी बघितलं होतं. वाढदिवसाला तिने बिनबटणांचे टी-शर्ट आणले तेव्हा या वयात मला कॉलेजकुमार करायचा बेत दिसतोय, असं मी म्हणालो होतो. त्यावर तिने दिलेलं उत्तरही मला आठवलं. ते फार गमतीचं होतं. माझ्याशी ती नेहमीसारखं बोलत राहिली ती, तिला कळलंय हे मला कळू नये म्हणून.

तिने वाकून मशीनच्या मागची वायर दाबल्यासारखं केलं. मी बघत होतो. वायर हललीसुद्धा नाही. ती घट्टच होती. मग ती माझ्या उजव्या बाजूला आली, कीबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "सरकतोय. मी धरते, तुम्ही दाबा."

ताईंनी तिसऱ्यांदा मशीन सुरू केलं. माझा हात कीबोर्डवर होता, तिचा त्याच्याआड. चिन्ह उमटलं आणि तिचं बोट टकटकटक वाजायला लागलं, दाबून न धरता, मी मुलांना शिकवायचो अगदी तसं. बूट मेन्यू उघडला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. ताईंनी माईक दिला तो मी डाव्या हाताने घेतला, उजवा खिशात घातला आणि दोन शब्द बोललो. लोक त्यातही हसले. काय बोललो ते आठवत नाही आणि आठवायची इच्छाही नाही. बायको एव्हाना मागे जाऊन खुर्च्या लावत होती.

घरी येताना मी बोलणार होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा बोलणार होतो, जिना चढताना बोलणार होतो. तिने कोथिंबीर घ्यायची राहिली म्हटलं आणि मी त्यावर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. फोन कानाशी धरायला नको म्हणून मी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावतो. बायको स्वयंपाकघरात खलबत्त्यात लसूण ठेचत होती.

"सर, काल फार छान झालं," ताई म्हणाल्या. "एक सुचवू का, राग मानू नका. रविवारच्या वर्गाला मॅडमऐवजी मी एखादी मुलगी देते मदतीला. काल त्या वायरीवरून त्यांची फार धांदल उडाली, सगळे हसले, मलाच कसंतरी झालं. त्यांना या वयात कशाला त्रास? खाली महिलांच्या कामात त्यांचा उपयोग होईल."

लसूण ठेचायचा आवाज थांबला.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघतो."

खोटं सांगत नाही. एवढं सगळं होऊन माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला, कारण त्या एका शब्दात माझं सगळं झाकलं जात होतं. ती रविवारपासून येणार नाही, मी सर राहीन, वायर ढिली राहील. आतून पुन्हा ठेचायचा आवाज सुरू झाला, सावकाश. तिने ऐकलं होतं आणि हेही पदरात घेतलं होतं. तो आवाज मला ऐकवेना.

"ताई," मी म्हणालो, "वायर ढिली नव्हती. माझा हात थरथरतो. बरेच महिने झाले. काल ते बटण माझ्या हातून दाबलंच गेलं नाही, तिने दाबलं. ती नसेल तर मला तो वर्ग घेता येणार नाही."

मग ताई म्हणाल्या, "असं का? बरं, बरं. तुम्ही अजिबात काळजी करू नका हं, सर." त्यांचा आवाज मऊ झाला होता. जो ऐकायची मला इतकी भीती होती तो आवाज हाच, आणि तो ऐकून मला काही झालं नाही.

बायको हात पुसत बाहेर आली. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता ती बरं केलंत म्हणेल. मी तशी तयारी करूनच बसलो होतो. ती माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"मला नाही सांगितलंत," ती म्हणाली. "मी रोज वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मग मला ते खरं धरून राहावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. आणि सांगितलंत कुणाला, तर ताईंना. तेही फोनवर."

तिच्या आवाजात नर्स कुठेच नव्हती. ज्या गोष्टीबद्दल मला शाबासकी हवी होती तीसुद्धा मी चुकीच्या माणसाजवळ केली होती. मान वर करवेना. टेबलावर माझा हात थरथरत होता आणि तो झाकायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"आता मला सांगा," ती म्हणाली.

"तुला तर सगळं माहीत आहे."

"माहीत आहे. तरी सांगा."

मी म्हणालो, "माझा हात थरथरतो." ताईंना हेच सांगताना माझा आवाज चांगला खणखणीत होता. तिला सांगताना तो शेवटपर्यंत पोचला नाही.