आजोबांच्या पायातली दोरी

तुमच्या आजोबांचं उजवं पाऊल वर्षभर लोंबत होतं, हे मी, तुमच्या आजीनं, तुम्हाला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. कोहमारा गावाजवळ ते मोटरसायकलवरून पडले, गुडघ्याच्या बाहेरची नस दुखावली आणि पाऊल वर उचलेना. पट्टा लावून चालता येई. पण पट्ट्यावर बूट हवा, आणि बूट घालून धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरता येत नाही. घरात बसून ते स्वयंपाकघरात माझ्या डब्यांची मांडामांड करायला लागले, तेव्हा मी त्यांना घेऊन नागपूर गाठलं.

तिथल्या सर्जननी उपाय सांगितला. पाऊल आत वळवणारं एक टेंडन असतं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ती मूळ जागेवरून सोडवायची आणि पावलाच्या वरच्या अंगाला आणायची. मग तीच पाऊल उचलेल. प्रश्न होता, नव्या जागी बांधायची कशी? हाडाला भोक पाडून दोरी आत ओढायची आणि स्क्रूने आवळायची, किंवा बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्यांत ओवून शिवून टाकायची.

"दोन्ही चालतात," सर्जन म्हणाले.

हे उत्तर मला पचेना. इंग्रजीत मिळेल ते मी वाचत सुटले. स्क्रूची पकड पहिल्यापासून घट्ट, पण हाड चांगलं हवं. शिवणीला हाडाची फिकीर नाही, पण ती हळूहळू ताणली जाण्याची भीती. आणि ताणली की पाऊल पुन्हा लोंबणार. रोज जेवताना मी हेच काढायची.

"हाडातला खुंटाच बरा," आजोबा भात कालवत म्हणाले. "दोरीले दोरी बांधली का सरकते."

"खुंटा कशात ठोकता त्यावर आहे. तुमचं हाड धानाच्या रोवणीतल्या चिखलासारखं झालंय. रिपोर्ट वाचला मी."

"तू रिपोर्टच वाचून राहिली. पाय माझा हाये ना वो?"

"पाय तुमचा. पडलात तर उचलणारी मी."

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन म्हणाले, हाड प्रत्यक्ष पाहूनच ठरवू. मी उद्याची भाजी आज निवडून ठेवणारी बाई. माझा जीव थाऱ्यावर राहीना. नर्सने बाकावर बसवलं की मी पुन्हा उठायची. शेवटी सर्जन बाहेर आले. स्क्रू बसवला होता, पण पकड मनासारखी वाटली नाही, म्हणून शिवणही घातली होती.

आजोबा शुद्धीवर येऊन हसले. "डॉक्टरनं दोघायचंही आयकलं."

मला हसू आलं नाही. दोन्ही अर्धी अर्धीच धरली असतील तर? प्लास्टर असेपर्यंत तोच विचार. ते कुशीवर वळले तरी मी दचकायची.

प्लास्टर निघालं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, पाऊल वर उचला. आजोबांनी दात आवळले. पाऊल जागचं हललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटला वाटते खुंटा."

मी लगेच पायाशी वाकले. पण ती मुलगी शांत होती. "काका, उचलू नका. तळवा दुसऱ्या पायाकडे वळवायचा, एवढंच मनात आणा."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पाऊल थरथरलं आणि थोडंसं वर आलं.

"मी तं आत वळवून राहिलो. हा वर काऊन जाते?"

स्नायूला अजून जुनंच काम ठाऊक होतं. दोरी मात्र धरून होती.

आता ते काठी घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालतात. प्रत्येक पावलाला आत वळवायचा विचार करावा लागतो. मध्येच कोणी बोललं तर बोटं जमिनीला घासतात. म्हणून मी मागून चालते आणि गप्प राहते. पाऊल कालच्याइतकं उचललं जातंय का? शिवण सैल तर पडत नाही? सगळं ओठांवर येतं आणि गिळावं लागतं.

परवा ते धुऱ्याच्या मधोमध थांबले आणि मागे वळून म्हणाले, "बोलून टाक वो एकदाची. तुह्या गप्प राहण्यानंच मी चुकून राहिलो."