सुंदरामावशी आणि बिनबाळाची बाळंतीण

सुंदरामावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पोटाकडे. रोह्यात आम्ही नव्या घरी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं, हमाल एकमेकांवर ओरडत होते, आणि समोरच्या पायरीवर बसलेली एक ठेंगणी म्हातारी माझ्या शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणामधल्या जागेकडे टक लावून पाहत होती. ओळख नाही, नमस्कार नाही. "पोट काय म्हणतंय?" तिनं विचारलं. मी गोंधळून म्हणालो, "बरं आहे." "खोटं बोलतंय," ती म्हणाली. "गॅस हाय."

होता.

मावशीचा धंदा बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालण्याचा. जन्म पेणच्या खाडीकडच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला. लग्न होऊन ती रोह्याला आली, नवरा लवकर गेला, आणि सासूनं तिच्या हातात तेलाची वाटी दिली. ती वाटी तिनं सत्तरीपर्यंत खाली ठेवली नाही. सकाळी पदर खोचून निघायची आणि दुपारी तेल-हळदीचा वास घेऊन परतायची. माझी बायको शुभा पेणची आहे, हे कळल्याबरोबर मावशीनं स्वतःला तिच्या माहेरची माणूस म्हणून नेमून टाकलं. शुभा झाली "पोरी" आणि मी, घराचे हप्ते भरणारा कर्ता पुरुष, त्या गल्लीत कायमचा "जावयबापू" झालो.

रोह्यातली निम्मी नाकं आपण केली, असा तिचा दावा होता. तान्ह्या बाळाचं नाक तेलाच्या बोटांनी रोज हलकं ओढायचं, डोकं तळव्यात धरून गोल करायचं, हे तिचं शिल्पकाम. संध्याकाळी धाटावच्या कंपन्यांच्या बसेस आल्या की भाजी घ्यायच्या निमित्तानं ती थांब्यावर उभी राहायची आणि उतरणाऱ्या एकेका कामगाराची तपासणी करायची. "त्यो हिरव्या शर्टाचा? माझा. त्याच्या मागचा? त्योबी माझाच. त्यो चष्मेवाला? व्हय, माझाच, पन त्याची आजी रोज मधी बोलायची, म्हनून जरा वाकडं ऱ्हायलं." एकदा माझ्याकडे बघून तिनं सुस्कारा सोडला. "जावयबापू, तुमचं नाक कोनी केलं?" मी म्हणालो, कल्पना नाही. तिनं मान हलवली. "कोनी केलंच नाय. आलं तसं सोडलंय."

आता बत्ताशीला रंगमंचावर आणतो. बत्ताशी म्हणजे आमच्या ईशाचा पांढराशुभ्र ससा. ससा म्हणजे ससीण. ईशा पुण्याला शिकायला गेली आणि जाताना मला बजावून गेली, "बाबा, हिला काही झालं तर मी घरी येणार नाही." दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळच्या शिफ्टला निघताना मी घाईत हेल्मेट डोक्यावर चढवलं, कंपनीच्या गेटवर काढलं, आणि वॉचमननं हळहळून विचारलं, "साहेब, एका रात्रीत सगळे पांढरे?" बत्ताशीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून माझ्या हेल्मेटात पिल्लांसाठी मऊ घर केलं होतं.

मावशीनं एका नजरेत निदान केलं. "हिला दिवस गेलेत."

"मावशी, ती एकटीच असते हो."

"मंग काय झालं? पोटाला वाटलं आसंल."

पेणच्या डॉक्टरीणबाईंनीही जवळपास हेच सांगितलं, फक्त फी घेऊन. खोटं गरोदरपण. असं पुन्हा पुन्हा होईल, आणि पुढे गर्भाशयात गाठ होण्याची भीती. काढून टाकलेलं बरं. ईशानं फोनवर होकार दिला, शुभानं दिला. मी बाहेरच्या बाकावर बसून दिला, कारण गणपतीच्या नाटकात मी तीन वेळा राजा झालेला असलो, रणांगणात तलवारी फिरवलेल्या असल्या, तरी टाके म्हटलं की राजा आधी विंगेत पळतो.

ऑपरेशन चांगलं झालं. निघताना डॉक्टरीणबाई सावकाश, माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या. "आजच थोडं थोडं खाल्लं पाहिजे. उद्या दुपारपर्यंत लेंड्या पडायला हव्यात. सशाचं आतडं एकदा थांबलं की फार वेळ मिळत नाही. दुखण्याचं औषध सिरिंजनं द्या, उबेत ठेवा, आणि पोट मोकळं ठेवा. काही बांधू नका." मी मान डोलावली. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं, तोच तर माझा गुन्हा.

पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्यापर्यंत मी गाडी बैलगाडीच्या वेगानं आणली. मागचे ट्रकवाले माझ्या खानदानाची चौकशी करत होते. खड्डा आला की शुभा टोपली उचलून हवेत धरायची आणि मला म्हणायची, "अहो, तो खड्डा चुकवा!" आणि तो चुकवला की मी हमखास दुसऱ्यात जायचो.

दारात मावशी उभी. एका हातात ओव्याच्या धुरीची शेगडी, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याची पट्टी. शेगडी शुभानं उंबऱ्याबाहेरच थोपवली. मग मावशीनं टोपलीत डोकावून विचारलं, "आनि पोर कुठाय?"

"पोर नाही, मावशी. पिशवीच काढली तिची."

मावशी टोपलीवर वाकली. बत्ताशीच्या भादरलेल्या गुलाबी पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तर पट्टा पायजेच. पोट रिकामं झालं म्हंजे घराची दारं उघडी. वारा शिरतो."

शुभा औषध ठेवायला आत गेली होती. आता बोलायचं होतं ते मी. 'मावशी, डॉक्टरांनी नको म्हटलंय,' एवढंच. पण चाळीस वर्षं बाळंतिणींच्या सासवांना गप्प बसवलेली ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि राजेसाहेब म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." तिनं तीन वेढे घेऊन, पाठीवर गाठ मारून, सफाईनं पट्टा बांधला. नजर लागू नये म्हणून कानामागे काजळाचा ठिपका लावला. शुभा बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, पट्टी दवाखान्यातलीच. मी तिला तसं वाटू दिलं.

बत्ताशी पुतळा झाली. संध्याकाळी गवत पुढं केलं, हलली नाही. मेथी, मुळ्याचा पाला, काही नाही. सकाळी पाहतो तो तीच जागा, तेच बसणं, डोळे अर्धे मिटलेले. खालचं फडकं कोरं करकरीत. ईशाचे फोन सुरू झाले. "बाबा, लेंडी पडली?" कंपनीत मी इतकी वर्षं उत्पादनाचे आकडे फोनवर सांगितलेत, पण एवढा शरमेचा शून्य कधी सांगितला नव्हता. दहा वाजता मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काही बांधलेलं नाही ना?" आणि माझ्या 'तसं म्हणजे...' वरूनच ओळखलं. "आधी ते सोडा. दोन तासांत काही खाल्लं नाही तर घेऊन या."

सोडायला मी वाकलो तर दारात मावशी. दुधाचं भगोनं तसंच हातात. तिनं बत्ताशीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"डाक्टरीण काय म्हनाली व्हती? कालचं सांगा."

"पोट मोकळं ठेवा म्हणाल्या होत्या."

"मंग काल तोंड कुठं ठेवलं व्हतं?"

"तुमच्यासमोर कोण बोलणार, मावशी?"

"वा, राजे!" असं म्हणून ती भगोनं बाजूला ठेवून फरशीवर बसली. शुभानं माझ्याकडे जे बघितलं, त्याचं वर्णन मी टाळतो.

गाठ मावशीचीच, पक्की. गाठ सोडवता सोडवता ती आमच्याशी नाही, बत्ताशीशी बोलत होती. "चुकलं गो माजं. मला वाटलं, पोर नाय म्हनून हिला कोनी काय करनार नाय. माजी पिशवी काढली तवा मला कोनी न्हाऊ घातलं का? साऱ्या रोह्याला मी न्हाऊ घातलं, पन मला म्हनाले, पोर नाय तर न्हानं कसलं? आठव्या दिवशी मी दुसऱ्याच्या बाळंतिणीला चोळत व्हते." पट्टा सुटला. तिनं त्याची घडी केली आणि स्वतःच्या मांडीखाली दडपून ठेवली, जणू तो कोणाला दिसू नये. शुभानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती खेकसली, "रडतेस काय? कोथिंबीर आन."

कोथिंबीर आली. मावशी ती बत्ताशीपुढं ठेवेल असं मला वाटलं. मावशीनं एक काडी उचलली आणि स्वतःच्या तोंडात घातली. सावकाश चावली. मग दुसरी. बत्ताशीकडे बघायचंसुद्धा नाही. "न जेवणारी बाळंतीण आसंल तर तिला जेव म्हनायचं नाय," ती चघळत म्हणाली. "तिच्या म्होरं बसायचं आनि तिच्याच ताटातलं खायला लागायचं. दोन-चार घास तिला काय वाटत नाय. मंग वाटतं, ही बया सगळं संपवनार. 'मावशी, सगळं तूच खानार काय?' आसं म्हनाली की जिंकलं. बसा खाली. तुमीबी खावा."

माझ्या आयुष्यातला हा सर्वांत विचित्र प्रवेश. भर सकाळी अकरा वाजता, नाटकातला राजा, त्याची राणी आणि सुंदरामावशी फरशीवर गोल बसून कच्ची कोथिंबीर चघळताहेत. शुभाला हसू फुटलं तर मावशीनं डोळे वटारले. अर्धी जुडी संपली. माझ्या घशात एक काडी अडकली. आणि मग बत्ताशीचं नाक हललं. एकदा. मग भरभर. तिनं मान पुढं केली, एक पाऊल टाकलं आणि मावशीच्या ओठातून बाहेर आलेलं काडीचं टोक पकडलं. मावशीनं सोडलं नाही. दोघी दोन बाजूंनी तीच काडी खात राहिल्या, नाकाला नाक लागेपर्यंत.

"हे नाक चांगलं हाय," मावशी म्हणाली. "कोनी केलं नाय तरी."

त्यानंतर पाणी, औषध, गवताच्या चार काड्या. डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, आता लेंडीची वाट बघा. मावशी घरी जायला तयार नाही. "मी बांधलं, मीच बघनार." तीन वाजायच्या सुमारास फडक्यावर मिऱ्याएवढी एक काळी लेंडी पडली. मावशीनं ती चिमटीत उचलून तळव्यावर ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एखादा सोनार मणी पारखताना धरेल तशी. ईशाला व्हिडिओ कॉल लावला. पुण्याच्या होस्टेलमधल्या सहा मुलींनी ती लेंडी पाहून टाळ्या वाजवल्या. "टाळ्या काय वाजवता?" मावशी फोनमध्ये ओरडली. "तुमच्या पोटाचं काय म्हननं हाय, ते सांगा आधी!"

दहाव्या दिवशी टाके सुकलेले पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान काळजी घेतलीत. घरी आल्यावर शुभानं मावशीला पाटावर बसवलं, खोबरेल तेल कोमट केलं आणि तिच्या पाठीला, पायांना चोळलं. मी बाहेर पायरीवर बसून होतो. आत मावशीची अखंड कुरकुर ऐकू येत होती. "तेल कमी घेतलंस. दाबतेस काय, दळन नाय दळायचं. आंगठा वाकव गो." मग पाण्याचा आवाज. मावशी बाहेर आली तेव्हा केस ओले, चेहरा लाल. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचा हात जड हाय. पन चालंल."

मावशी जाऊन आता वर्ष होत आलं. गुडघे गेले तेव्हा भाच्यानं तिला खाडीकडच्या गावी नेलं होतं. शेवटच्या दिवसांत त्याचा फोन आला, आत्या जेवत नाही, कोणाचं ऐकत नाही. मी आणि शुभा गेलो. बत्ताशीची टोपली बरोबर. मावशी खाटेवर, चिमणीएवढी झालेली. समोर ताटात भात आणि वालाची आमटी, निवलेली. भाचसून अजीजीनं सांगत होती, "आत्या, दोन घास खा गो." मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मी पुढं झालो. खाटेशेजारी मांडी घातली, ताट माझ्याकडे ओढलं आणि जेवायला लागलो. सावकाश, तिच्याकडे न बघता. भाचसून थक्क. शुभा ओठ चावून उभी. एक घास, दोन, पाच. आमटी फार चांगली होती, हे मला खरंच सांगायला हवं. अर्ध्याहून जास्त भात संपला तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

"जावयबापू, सगळं तुमीच खानार काय?"

आणि पांघरुणातून तिचा तेलानं मऊ झालेला हात ताटाकडे आला.